तिन्ही शहरांना एकाहत्तर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे, दाजींची कंबर कशी आहे आणि त्या कंबरेविषयी दाजींचे मत कसे आहे (ही तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षा घरच्यांना अधिक जड जाते, हे मी जाणून आहे) ते सविस्तर कळवावे. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला असून त्याचा खुलासा यथावकाश येईल.

माझ्या हृदयाची एक झडप जीर्ण झाली असून ती बदलावी लागेल, हे तुला मागेच कळवले होते. त्या वेळी आमचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हे काम आपल्या गावात होत नाही. मोठ्या शहरात जा, पण सहा आठवड्यांच्या आत करून घ्या. तीन शहरं आहेत, कुठलं ते तुम्ही ठरवा." चौतीस वर्षे भूगोल शिकवलेल्या आणि सव्वीस वर्षे परीक्षेचे पेपर तपासलेल्या माणसाला 'तुम्ही ठरवा' म्हटल्यावर काय होते, याची त्या भल्या गृहस्थांना कल्पना कुठून असणार! आज पाच आठवडे झाले. अभ्यास पूर्ण झाला आहे. निर्णय तेवढा बाकी आहे.

अभ्यासाची पद्धत अशी. एखादे शहर वैद्यकाचे केंद्र आहे असे आपण सहज म्हणतो, परंतु केंद्र कशाने ठरते? खाटांच्या संख्येने? शल्यविशारदांच्या हाताने? की तिथे चालणाऱ्या संशोधनाने? मी एकूण दहा निकष ठरवले, प्रत्येकाला दहा गुण दिले आणि कागदावरच्या माहितीवर विसंबून न राहता तिन्ही शहरांची प्रत्यक्ष पाहणी करायची असे ठरवले. तुझी भावजय म्हणाली, "अहो, झडप बदलायची आहे, राजधानी नाही." मी त्या शेऱ्याची नोंद घेतली आणि निघालो.

प्रथम बंदराचे शहर. तेथील रुग्णालय सतरा मजली असून त्याच्या दाराशी उभे राहिल्यावर आपला आजार फारच किरकोळ वाटू लागतो. रुग्णाला किती वेळ तिष्ठावे लागते हे मोजण्यासाठी मी बाह्यरुग्ण विभागातल्या एका खुर्चीवर स्टॉपवॉच आणि पुठ्ठ्याला लावलेला तक्ता घेऊन बसलो. पाचच मिनिटांत एका बाईंनी येऊन विचारले, "साहेब, हाडांचा विभाग कुठे?" समोरच्या फलकावर होते ते मी वाचून दाखवले. (फलक छताला टेकवून लावला होता. मान दुखणाऱ्या रुग्णाने तो कसा वाचावा, याचा विचार कोणी केलेला दिसला नाही.) मग दुसरे आले, तिसरे आले, रांग लागली. दुपारपर्यंत मला चौथ्या मजल्यापर्यंतचे सगळे विभाग तोंडपाठ झाले होते. मी जरा हातपाय मोकळे करून परतलो, तर एका परिचारिकेने सर्वांदेखत मला सुनावले, "जेवायला पाऊण तास? इथे लोक खोळंबलेत, कळतं का?" मी क्षमा मागितली आणि साडेपाचला सुटी होईपर्यंत जागेवरून हललो नाही. ताई, खरे सांगतो, निवृत्तीनंतर इतका उपयोगी दिवस मला लाभला नव्हता. त्या दिवशी छातीही दुखली नाही.

दुसरे नदीकाठचे शहर. तेथे रुग्णालयाला लागूनच संशोधन संस्था आहे. झडपांवर काम करणाऱ्या एका तरुण संशोधिकेने मला अर्धा तास दिला आणि मी तिचे अडीच तास घेतले. माझ्या प्रश्नांची यादी त्रेचाळीस प्रश्नांची होती. बाविसाव्या प्रश्नाला तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन एका झडपेचा पातळ काप दाखवला. काय वर्णावे! लेसच्या पडद्यासारखी नाजूक वीण, आणि मध्येच चुन्याचे खडे बसावेत तसे कडक ठिपके. हा इवलासा पडदा दिवसाकाठी लाखभर वेळा उघडतो आणि मिटतो, तेही आपल्याला न विचारता. (माझ्या वर्गातली एकही खिडकी वर्षभर धड उघडली-मिटली नाही.) मी विचारले, "हे गृहस्थ आता कसे आहेत?" ती म्हणाली, "नाहीत. झडप त्यांच्या घरच्यांनी अभ्यासासाठी दिली. फार उशिरा आले होते हो काका, महिनाभर आधी यायला हवं होतं." मी संशोधनाला दहापैकी नऊ गुण दिले. उरलेले एकवीस प्रश्न मात्र विचारले नाहीत. घरी परतल्यावर तक्त्यात 'उपाहारगृहातील चहा' हा अकरावा निकष घातला आणि बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात कमी करून घेतले.

तिसरे डोंगरावरचे शहर. बसथांब्यापासून रुग्णालयापर्यंत एकशे दहा पायऱ्या आहेत, असे माहितीपत्रकात म्हटले होते. ती संख्या पडताळून पाहणे माझे कर्तव्य होते. एकसष्टाव्या पायरीपर्यंत मोजणी अचूक आहे, त्यापुढचे मला सांगता येणार नाही, कारण त्यानंतरचा प्रवास मी आडवा केला. डोळे उघडले तेव्हा तोंडाला प्राणवायूची नळी होती आणि हातात स्टॉपवॉच चालूच होते. पायरी ते पलंग: चार मिनिटे वीस सेकंद. तातडीच्या सेवेला मी पडल्यापडल्याच पूर्ण गुण दिले. तेथील डॉक्टर मोठे प्रेमळ होते.

"काका, इकडे कशासाठी आला होतात?"

"तपासणीसाठी."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

त्यांनी नर्सबाईंकडे पाहून माझा रक्तदाब पुन्हा घ्यायला सांगितले. मग माझी कागदपत्रे वाचून त्यांनी दोन फोन केले, एक बंदराच्या शहरात आणि एक नदीकाठी. तेव्हा मला कळले की हे स्वतः बंदराच्या शहरात शिकले, तेथील मुख्य शल्यविशारद नदीकाठचे, आणि तिन्हींकडचे नमुने तपासणीला त्याच संशोधिकेकडे जातात. गाडीच्या चाकाचा तुंबा आठव. सगळे आरे ज्यात रोवलेले असतात, तो मधला लाकडी गोळा. आपण त्याला केंद्र म्हणतो, पण त्याच्या अगदी मध्यभागी पाहिले तर नुसते भोक असते. चाक चालते ते आऱ्यांमुळे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या त्या गोळ्यामुळे. शहरांचेही तसेच. मी ज्यांना तीन प्रतिस्पर्धी समजून गुण देत होतो, ती माणसे एकमेकांना विचारल्यावाचून पाऊल उचलत नाहीत. हे ज्ञान मला एकसष्ट पायऱ्यांच्या मोबदल्यात मिळाले. महाग म्हणता येणार नाही.

आता निकाल. बंदराचे शहर एकाहत्तर, नदीकाठचे एकाहत्तर, डोंगरावरचे एकाहत्तर. मी तीनदा पडताळणी केली. एखादे पुढे जाऊ लागले की मला कुठला तरी निकष राहून गेल्याचे लक्षात येई आणि न्यायाच्या दृष्टीने तो घालणे भाग पडे. सध्या निकष एकोणीस आहेत. (शेवटचा 'खिडकीतून दिसणारी झाडे' हा आहे.) तुझी भावजय तक्ता बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सव्वीस वर्षं काठावरच्या पोरांना पास करत आलात, हाताला तीच सवय. तुम्हाला कुणाला नापास करायचं नाही, की जायचंच नाही?" मी हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

सबब तुला विनंती की, एकतीस वर्षे रुग्णालयात काढलेली आणि मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली तज्ज्ञ या नात्याने तू सोबतचा तक्ता तपासून आपले निर्णायक मत कळवावे. घाई नाही.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. दाजींच्या कंबरेसाठी मी बंदराच्या शहरात चौकशी केली आहे. हाडांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. मला पाठ आहे.

ता. क. २. ताई, हे मी लिहितेय. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मी काल दुपारी तिन्ही ठिकाणी फोन केले. तीनच प्रश्न विचारले: असं ऑपरेशन महिन्याला किती करता, नंतर काही बिघडलं तर लगेच कोण येतं, आणि मी कुठे झोपू. नदीकाठच्यांनी तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली. डोंगरावरच्या डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, तिथेच न्या. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे, बुधवारी दाखल व्हायचंय. ह्यांना आत्ताच सांगितलं. स्टॉपवॉच पुसत बसलेत.

ता. क. ३. वरील मजकूर माझ्या संमतीवाचून लिहिला गेला आहे. मी तो तपासला. चूक आढळली नाही. माझे एकोणीस निकष आणि हिचे तीन प्रश्न शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आले की, माझ्या तक्त्यात सगळे होते, फक्त रुग्ण नव्हता.

ताई, मी सात वर्षांचा असताना मला इंजेक्शन द्यायचे होते, तेव्हा तू म्हणालीस, "तिकडे बघ, कावळा." मी बघितले आणि काम झाले. कावळा नव्हताच, हे मला त्याच क्षणी कळले होते, पण मी तुला कधी बोललो नाही. तक्ता तपासला नाहीस तरी चालेल. बुधवारपर्यंत ये. गुरुवारी मला आत नेतील तेव्हा दाराशी उभी राहा आणि तेवढे एक वाक्य म्हण.

मी बघेन.