धूर पास झाला

बाबा, काल माझा धूर पास झाला. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता, की पोट्टी एवढी शिकली आणि धूर काढून राहिली! पण खरं सांगते, गेले दोन आठवडे माझा जीव त्या धुरातच अडकला होता. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा मी काय काम करते ते आधी सांगायला हवं. सिनेमात जे जागेवर नसतं ते मी कॉम्प्युटरवर तयार करून चित्रात बसवते. या वेळी नायिका मोकळ्या मैदानातून चालत येते आणि तिच्या मागं पोलादाचा कारखाना हवा, तीन धुराडी, तिन्हींतून धूर. मैदान खरं, बाई खरी, बाकी सगळं माझं. आणि हे सगळं मी रायपूरला, चौबे कॉलोनीतल्या आपल्याच घरी, पुढच्या खोलीत बसून करते.

मुंबईच्या कंपनीतले आमचे सर व्हिडिओ कॉलवर शॉट पाहायचे आणि दर वेळी एकच म्हणायचे, "चिपकाया हुआ लग रहा है।" सहा वेळा परत आला. सहाव्यांदा म्हणाले, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या टीमला देऊन टाकू. बाबा, माझ्या एकटीच्या हातात आलेला हा पहिला मोठा शॉट. आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या शॉटमधल्या विजेच्या तारा पुसत आले. इतका राग आला होता, की आईनं चहा आणून ठेवला तर तिच्यावरच खेकसले. ती शांतपणे म्हणाली, "बाप तं असा नव्हता वं तुहा." झालं! राग कुठल्या कुठं गेला आणि भनपुरीचा तुमचा फोटो स्टुडिओ डोळ्यांपुढं उभा राहिला.

त्यात मी सोळा वर्षांची आहे. स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आलाय आणि मला वाटतंय की तुमच्यापेक्षा मलाच जास्त येतं. एक काकू आल्या आहेत. नवरा वारलेला, दोघांचा मिळून एकही फोटो नाही, लग्नातलासुद्धा नाही. भिंतीवर लावायला त्यांना दोघांचा एक फोटो हवा आहे. असे जोडफोटो म्हणजे आपलं नेहमीचंच काम. मी काकूंना लगेच बसवते, दोन दिवे लावते, फोटो काढते, जुन्या फोटोतल्या काकांना उचलून शेजारी ठेवते आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवते. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलता. "काहून वं, ऊन का दोन बाजूनं पडते? यायच्या नाकाची सावली इकडं, वहिनीची तिकडं. एका घरातले वाटतात का हे?" तेही काकूंच्या देखत! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मग तुम्ही काकांचा तो जुना फोटो घेऊन दारात जाऊन उभे राहिलात. किती वेळ पाहत होता! शेवटी म्हणालात, हे सकाळचं ऊन आहे, नऊच्या आसपासचं, डाव्या अंगानं आलेलं. "वहिनी, उद्या सकाळी नऊ वाजता या. भाऊ ज्या टायमाले बसले होते, त्याच टायमाले तुमालेही बसा लागन." दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतली काठाची साडी नेसून आल्या. दिवे बंद, स्टूल दारापाशी, आणि आपण तिघं उन्हाची वाट पाहत बसलेलो. फोटो तयार झाला तेव्हा काकू तो हातात घेऊन एकदम हसत सुटल्या. "अवो भाऊ, हे तं माह्याकडं पाहूनच नाही राहिले! जिते होते तवाही असेच होते." तुम्ही हसलात, मी हसले, बाहेर टायर बदलणारा ट्रकवाला काय झालं म्हणून आत डोकावला. काकू गेल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "आधी पाह्य, मंग जोडजे."

तर परवा मी पाहिलं. सहा वेळा शॉट केला, पण त्या नायिकेची सावली किती लांब आहे हे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं! दुपारी साडेचारचं ऊन होतं ते. कॅमेरा घेतला, स्कूटी काढली आणि बरोबर साडेचारला उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यासमोर जाऊन उभी राहिले. फाटकावरचा गार्ड ओरडला, "का के फोटो खींचत हस दीदी?" मी म्हटलं, उन्हाचा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोरगी ठीक आहे ना म्हणून. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "रुक न, टरक आवत हे, तब देखबे।"

ट्रक आला, आणि बाबा, काय दिसलं म्हणून सांगू! धूळ उठली, त्यात ऊन शिरलं आणि मागचं धुराडं बुडापासून पार विरून गेलं, वरचं टोक तेवढं राहिलं. जवळचं काळं, मधलं तपकिरी आणि दूरचं नुसतं धुळीच्या रंगाचं. मी मात्र तिन्ही सारखीच काळीभोर करून ठेवली होती. सारा जन्म रायपूरची धूळ खाण्यात गेला आणि चित्रात तीच टाकायला विसरले! मी रस्त्यात एकटीच हसत होते. तोवर गार्डलाही चेव चढला होता, प्रत्येक ट्रक दिसला की तोच मला हाक मारायचा. नाकातोंडात धूळ भरून घरी आले, तर आई म्हणाली, आधी हातपाय धू.

रात्रभर बसून तिन्ही धुराड्यांवर ती धूळ चढवली. काल सरांनी शॉट दोनदा पाहिला आणि म्हणाले, "हाँ, अब ये वहीं का है।" मी खुर्चीतच टुणकन उडाले. हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून पुढचंही सांगून टाकते. सरांनी कॉलवरच्या सगळ्यांसमोर विचारलं, असं पाहायला तुला कुणी शिकवलं? आणि मी म्हटलं, "ऐसे ही सर, करते करते।" लाज वाटली म्हणून नाही हो, बाबा. तुमचं सांगायला गेले असते तर त्या सगळ्यांसमोर मला रडू फुटलं असतं.