नवा स्विच मीच बसवणार

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचे. मोठ्या जबाबदारीवरच्या माणसाने लिहावेच.
लॅब नंबर दोनचे नेट बंद. सर्व्हर रूमच्या कपाटात सगळ्या कॉलेजला नेट वाटणारे आपले तीन स्विच एकावर एक आहेत, मागून केबलने बांधलेले. याला स्टॅक म्हणतात. तिघे मिळून एकच समजायचे. एक मुख्य, बाकीचे त्याचे ऐकणार. मधल्याचा दिवा नारिंगी झालाय. धूळ असणार. फुंकर मारली. दोनदा मारली.
माझ्या हाताखालच्या अश्विनी मॅडम म्हणाल्या, स्विच गेलाय, बदलावा लागेल. मीही तेच म्हणणार होतो.

५ फेब्रुवारी
नवा स्विच आला. खोक्यावर माझे नाव, खाली ‘सिस्टिम इन-चार्ज’. खोके टाकणार नाही.
मॅडमनी न विचारता दोन गोष्टी सांगितल्या. नव्याची प्रायॉरिटी, म्हणजे मुख्य होण्याचा मान, सगळ्यात कमी ठेवा, आणि तो बंद ठेवूनच केबल जोडा, मग चालू करा. शिवाय आधी जुन्या सेटिंगचा बॅकअप घ्या. म्हणजे तीन झाल्या. मोजताही येत नाही. म्हणे एम.एस्सी. कॉम्प्युटर.
मला माहीत आहे म्हणालो. मी या कॉलेजात लागलो तेव्हा त्या शाळेत होत्या. म्हादूमामा संचालक मंडळावर आहेत म्हणून मला घेतले, असे लोक बोलतात. बोलू देत.

७ फेब्रुवारी
आज बसवणार होतो. मार्गासनीला लग्न निघाले. न जाऊन चालत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
कॉलेज रिकामे, कामाला उत्तम दिवस. आधी अभ्यास करावा म्हणून व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाचा स्विच निळा होता, आपला राखाडी. उपयोग काय? झोप लागली. स्वप्नाली म्हणाली, घोरण्याचा आवाज अंगणात येत होता. बायकोला टेक्निकल लाईनमधला थकवा कळत नाही.

१२ फेब्रुवारी
शुक्रवारपासून ऑनलाईन परीक्षा, दोन्ही लॅब लागणार. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हाला वेळ नसेल तर मी बसवते. यात आगाऊपणा किती आणि मदत किती, हे मला कळते. प्राचार्यांना जाऊन सांगितले की मॅडमचा उत्साह चांगला आहे, पण नाजूक काम आहे. प्राचार्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की मान दुखत होती, नक्की कळले नाही.

१३ फेब्रुवारी
नवा स्विच घरी सारोळ्याला आणून लॅपटॉपला जोडला. प्रायॉरिटीचा रकाना सापडला! एक ते पंधरा आकडे. जुन्या मुख्याला दहा आहेत. नवीन वस्तू, भारी वस्तू, तिला कमी का द्यायचे? पंधरा दिले. कंजूषपणा माझ्या स्वभावातच नाही.
बॅकअपही घेतला. जुन्या स्विचचे मोबाईलवर फोटो काढले होते, समोरून आणि बाजूने.

१४ फेब्रुवारी, सकाळी
परीक्षेआधी येऊन बसवला. चालू ठेवूनच केबल जोडली. बंदबिंद घाबरट लोकांसाठी. सगळे दिवे हिरवे! सेल्फी काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला: मिशन सक्सेसफुल. मामांनी अंगठा पाठवला.

१४ फेब्रुवारी, दुपारी
मामांचा अंगठा आला आणि थोड्याच वेळात दिवे एकदम विझले आणि परत लागले. दिसायला सुंदर होते. त्यानंतर कॉलेजात कुठेच नेट नाही. दोन्ही लॅब, ऑफिस, हजेरीचे मशीन, कॅमेरे, सगळे गार.
अश्विनी मॅडम धावत आल्या. नव्याला किती प्रायॉरिटी दिली, विचारले. पंधरा म्हणालो. मग व्हरांड्यात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सर, याच्या डोक्यात काही नव्हतं आणि तुम्ही यालाच मुख्य केलंत. बाकीच्या दोघांनी आपलं सगळं सोडून याचं ऐकलं.” कोणीतरी मागून हसले. स्विचला हसले असणार.
मॅडमनी बॅकअप मागितला. फोटो दाखवले. बाजूचाही दाखवला.
बाहेर पोरे ताटकळलेली. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांतली पहाटेच निघालेली. भामाबाई म्हणून एक म्हातारी नातीला, रत्नाला, घेऊन आलेली. शेरडे शेजारणीच्या गळ्यात टाकून आली होती.
“लाईट गेली व्हय?” तिने विचारले.
“न्हाई आजी, नेट गेलंय,” रत्ना म्हणाली. “ह्या सरांनी मशीन बदललं.”
म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. “मंग आता तुमी हात लावू नगा, बाबा.”
काळजी वाटली बिचारीला. शॉक बसेल म्हणून.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
मॅडमनी दिवाळीत स्वतःच एक बॅकअप घेऊन ठेवला होता. मला न विचारता! शिस्त म्हणून उद्या हा विषय काढणारच. तो बॅकअप स्विचवर चढवून त्यांनी सगळे सुरू केले. मी बॅटरी धरली होती. म्हणजे काम माझ्याच देखरेखीखाली झाले.
पेपर उशिरा सुरू झाला, वेल्ह्याची एसटी गेली. प्राचार्यांनी टेम्पो ठरवला आणि पोरींना घरपोच सोडायला मला पाठवले. विश्वासाचे काम विश्वासू माणसालाच.
मीही हौद्यातच बसलो. रत्नाने विचारले, “सर, उद्याच्या पेपरला तुमी हाय का?”
आहे ना, म्हणालो. काळजी करू नका.
तिने आजीकडे पाहिले. आजीने पदर तोंडाला लावला. रत्नाचे डोळे ओले दिसले. धूळ होती. पण टेम्पो तेव्हा थांबलेला होता, हेही लिहून ठेवतो.

१५ फेब्रुवारी
प्राचार्यांनी सांगितले, पेपर संपेपर्यंत कॉलेजात येऊ नका. विश्रांती दिली. मॅडमच्या शिस्तीचा मुद्दा राहिला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मीटिंग. मामा बाजू घेणार हे पक्के. इस्त्रीचा शर्ट घातला.
मामा एवढेच म्हणाले, “गोरख, किल्ली दे.” मला वाटले, गाडीची. दिली. “ही न्हाई रं.”
सर्व्हर रूमची किल्ली अश्विनी मॅडमकडे गेली. त्या हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर तक्रार करता आली असती.

१८ फेब्रुवारी
नवीन जागा मिळाली, सायकल स्टँडशेजारची खोली. हवेशीर आहे. काम अजून ठरलेले नाही. मोठ्या पदाचे ठरायला वेळ लागतोच.
मोबाईलला नेट जोडायला गेलो तर मॅडमनी नवीन पद्धत केलेली. नाव टाका, पद निवडा. प्राचार्य, प्राध्यापक, ऑफिस, विद्यार्थी, पाहुणा. दोनदा वरून खाली पाहिले. इन-चार्ज कुठेच नाही.
आजूबाजूला कोणी नाही बघून ‘पाहुणा’ दाबले.
लगेच लागले. स्पीड माझ्या काळापेक्षा चांगला आहे.