नाव घेऊन येणारा अंक

आई, आज तुझ्या नावानं एक मासिक लावलं. आपल्याच गावात. गावाचं नाव बदललंय, ते तुला माहीत नाही. रिक्षावाले अजून दोन्ही नावं वापरतात, ज्याचं जसं तोंडात बसलंय तसं. मी सध्या कपड्यांच्या सेलबरोबर हिंडते. आठ-दहा दिवस हॉल भाड्यानं घ्यायचा, कुर्ते टांगायचे, विकायचे, उरलेले टेम्पोत भरायचे, पुढचं गाव. तू म्हणायचीस, हिला काज-बटनाला बसवावं तर ही गल्लीच्या टोकाला सापडती. अजून तसंच आहे. दहावीनंतर शाळेत गेले नाही, आणि कुठल्या खोलीत वर्षभर राहिलेही नाही. या वेळी टेम्पो इथं आला. आमच्या शेजारच्या टेबलावर एक बाई मासिकांची वर्गणी घेत बसली होती. सिनेमा, फॅशन, घर कसं सजवावं, काय खावं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर म्हणाली, "ताई, बघा तरी. बघायचे पैसे नाहीत." मी एक उचललं आणि भराभर पानं उलटायला लागले. "काय शोधताय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पाठ." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

तू मासिक असंच निवडायचीस. गुलमंडीत अस्तर आणि हुकं घेऊन झाली की मला ओढत औरंगपुऱ्यात पेपरवाल्या काकांच्या टपरीवर न्यायचीस आणि एकेक मासिक चाळायचीस. अक्षरांकडं तुझं लक्षच नसायचं. ब्लाउजची खरी करामत मागच्या गळ्यात, असं तुझं म्हणणं. बाई मांडवातून पुढं जाते आणि मागं बसलेल्या बायका काय बघतात, तर पाठ. नाड्या कशा बांधल्यात, लटकन केवढं, काठाची पायपिन कुठं फिरवली. आणि मासिकात सगळ्या नट्या आपल्या समोरून उभ्या. काका एकदा वैतागून म्हणाले, "ताई, लोक तोंड बघायला मासिक घेतात." तू म्हणालीस, "तोंड मला शिवायचं नाय, काका." टपरीवरची माणसं लई हसली. एकच अंक घ्यायचीस, ज्यात पाठी जास्त. घरी येऊन ती पानं फाडून मशीनच्या वर भिंतीला चिकटवायचीस, आणि गिऱ्हाईक बाया भिंतीवर बोट ठेवून सांगायच्या, ही पाठ, पण बाही त्या दुसरीची. वर्गणी तू कधी भरली नाहीस. न बघता माल घ्यायचा म्हणजे काय, म्हणायचीस.

मग ते ऑपरेशन. छाती एका बाजूनं सपाट झाली आणि त्या बाजूचा, म्हणजे कात्रीचा, हात सुजून लोडासारखा झाला. तू घरी येऊन पहिल्यांदा मशीनवरचं कापड काढलंस आणि चाकाला तेल घातलंस. बायका भेटायला यायला लागल्या. कुणी नारळपाणी आणते, कुणी मोसंबी, आणि जाताना हळूच म्हणते, माझं ते कापड तेवढं द्या. आपल्या गल्लीत बायका मानायच्या, की शिवणारीच्या हातात कापड कापलेलं राहिलं आणि ती गेली, तर ते नवरीच्या अंगाला लागू द्यायचं नाही. तोंडावर कुणी बोललं नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची बायको, जिच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, ती तुझा सुजलेला हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही आराम करा बाई. आमचं काय, आम्ही कुठं पण शिवू." तू शालूवरचं कापड स्वतः घडी घालून तिच्या पिशवीत ठेवलंस. "न्या की," म्हणालीस. ती गेल्यावर टेबल पूर्ण मोकळं होतं. खडू, टेप, कात्री, बस. मला इतकं कळत होतं, की दुखणं तुला जेवढं खात नव्हतं तेवढं ते मोकळं टेबल खात होतं. गल्लीनं तुला आत्ताच जिवंतांत धरायचं सोडलं होतं.

आणि एक दिवस तू म्हणालीस, चल, औरंगपुऱ्यात जाऊ. डोक्याला रुमाल, हाताखाली उशी, रिक्षातल्या प्रत्येक खड्ड्याला तू डोळे मिटतेस. काकांनी तुला ओळखायला क्षणभर वेळ लावला. वर्गणी भरायची म्हटल्यावर त्यांनी तुझ्या आवडीचं, नवरीमुलींच्या पाठीच पाठी असलेलं मासिक पुढं केलं. तू ते उघडलंही नाहीस.

"हे महिन्यातून किती वेळा येतं?"

"एकदा. मासिक आहे ना, ताई."

"दोनदा येणारं कोणतं?"

त्यांनी खालून एक पातळसं काढलं. "पंधरवड्याचं हेच. पण यात तोंडंच आहेत सगळी. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाच्या घरात कसला सोफा. तुमच्या कामाचं एक पान नाय."

"असू द्या. नाव माझं घाला. ह्यांच्या नावानं नको."

"बरं. एक वर्ष?"

"दोन."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी रस्त्यापलीकडच्या उसाच्या गुऱ्हाळाकडं बघत राहिले, चरकाला बांधलेलं घुंगरू कसं वाजतंय ते. मला असंच येतं, बघायचं असतं तिथून नजर काढता येते. पण परतताना रिक्षात मी चिडून बोललेच. एक पाठ नाही त्यात, कशाला घेतलंस? तू म्हणालीस, "पोस्टमन नाव घेऊन हाका मारतो ना गं."

आपला पोस्टमन खरंच तसा होता. गल्लीच्या तोंडाशी सायकल लावायचा आणि पूर्ण नावानं हाक मारायचा. कुणी ओ दिल्याशिवाय टपाल सोडायचा नाही. पहिला अंक आला तेव्हा मी उठले, तर तू माझं मनगट धरलंस. "थांब. अजून एकदा मारू दे हाक." दुसरी हाक झाली. समोरची भाभी तिच्या ओट्यावरून ओरडली, "अगे, तुमारा नाम ले रा ना वो, सुनतेच नै क्या?" तेव्हा तू दारात जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "आहे, भाऊ. आहे."

दर पंधरा दिवसांनी हे. तिसऱ्या-चौथ्या अंकाला किराणावाल्याची बायको आली. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "मासिक लावलंय म्हणे?" तू मशीन पुसत म्हणालीस, "व्हय. दोन वर्षांचं." ती दुसऱ्या दिवशी कापड घेऊन आली. ते तू शिवलंस. डाव्या हातानं खडूच्या रेघा मारल्यास, कात्री मी चालवली, आणि तू वरून शिव्या देत होतीस, "सरळ धर, कापड आहे ते, काकडी नाय." पोरगी तो ब्लाउज घालून मांडवात बसली. मग बाकीच्या आल्या. टेबलावर थप्पी चढली. "ठेव तिथंच," तू म्हणायचीस, "दारातून दिसंल असं." पण शिवायला घे म्हटलं की म्हणायचीस, बघू, हात उतरू दे.

हात उतरला नाही. तू गेल्यावर ती थप्पी मी घरोघर परत केली. प्रत्येक दारात तेच. बाई कापडाला हात लावायच्या आधी विचारते, "कापलंय का गं?" नव्हतं. एकाही कापडाची घडी तू मोडली नव्हतीस.

त्यानंतरच्या अंकाला पोस्टमननं सवयीनं हाक मारली. तुझं पूर्ण नाव. भाभीच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला. मी आत होते, ओ द्यायचं सोडून मशीनवरचं कापड सारखं करत राहिले. पुढच्या वेळेपासून तो सायकलवरून उतरून दाराखालून अंक सरकवायचा आणि हाक न मारता जायचा. दोन वर्षं संपायच्या आत मी गाव सोडलं. हाका बंद झाल्यावर तिथं राहवेना.

आज त्या बाईनं विचारलं, "ताई, एक वर्ष की दोन?" मला पुढच्या महिन्याचं गाव माहीत नसतं. मी एकच म्हटलं. मोबाईलवर वाचायचं का, तर नको, कागदाचं. पत्ता आपल्या गल्लीचा दिला. त्या खोलीत आता कोण राहतं ठाऊक नाही. नाव तुझं. तिनं मोबाईलमध्ये टाइप केलं आणि तपासायला मोठ्यानं वाचलं. नेमके लाईट गेले होते, हॉलमधलं गाणं बंद, पंखे बंद. म्हणाली, "बरोबर आहे ना?" मी म्हटलं, ऐकू नाही आलं, परत वाचा. तिनं परत, आणखी मोठ्यानं वाचलं. कुर्ते बघणाऱ्या दोन बायकांनी मान वळवली. "आहे," मी म्हटलं.

हे कुर्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितेय. टाकणार कुठं, आणि ओ कोण देणार. उद्या कुर्त्यांबरोबर टेम्पोत जाईल. एवढंच सांगायचं होतं, तिनं पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला नीट ऐकू आलं होतं.