पवित्रा ठरेपर्यंत

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल, भावजींचा खोकला उतरला असेल आणि नव्या सुनेनं स्वयंपाकघराचा ताबा अजून घेतला नसेल, असं धरून चालते. (घेतला असेल तर घेऊ द्या. कंबरेला बरं.) इकडे आम्ही सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, तुमचे बंधुराज, आणि मामाचा वेळ जावा म्हणून तुमच्या चिरंजिवांनी आणून दिलेलं ते टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र. तक्रार आहे ती या तिसऱ्याबद्दल. पुढच्या महिन्यात तुम्ही येणार आहात, तेव्हा ते उचलून न्याल तर उपकार होतील.

तुम्ही यांना इस्पितळात पाहून गेलात, त्यानंतरची हकीगत सांगते. उजवा गुडघा नवा घातला तो छान बसला आहे. डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, आता यांनी त्यावर भार टाकायचा. टाकला नाही तर तो आखडेल, आणि मग कापड कापायच्या टेबलाशी उभं राहणं विसरा. शिंप्यानं टेबल विसरायचं म्हणजे मागे उरलं काय? पण हे भार टाकतील तर शपथ. पलंगावरून खुर्चीत जायचं तर सगळा देह माझ्या खांद्यावर, आणि उजवं पाऊल गार पाण्याचा अंदाज घ्यावा तसं जमिनीला नुसतं लावायचं. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. ती गोड बोलते, हे तिच्याहून गोड बोलतात, तिच्या शर्टाची बाही कुठे चुकली ते समजावतात आणि चहा पाजून तिला वाटेला लावतात. दुकान बंद, लोकांची कापडं गठ्ठ्यात पडून. विचारलं की उद्या बघू. घाबरलेत हो, वन्सं. जन्मभर गिऱ्हाइकांना 'ताठ उभे राहा, श्वास सोडा' म्हणणारा माणूस स्वतः उभं राहायला घाबरला आहे. भांडी घासताना मला रडू येतं, पण ते राहू द्या.

तर ते यंत्र. त्यात बेसबॉल नावाचा खेळ आहे. क्रिकेटचा दूरचा नातलग असावा. बॅट गोल असते, आणि चेंडू टोलवला की पळत सुटायचं. पण त्याआधी आपला खेळाडू तयार करावा लागतो. नाव घाला, उंची घाला, इथवर यांनी झटपट केलं. (उंची स्वतःची घातली, पोट मात्र घातलं नाही.) मग यंत्रानं विचारलं, पवित्रा कोणता? म्हणजे हा गडी बॅट घेऊन उभा कसा राहणार. आणि ते पवित्रे तरी किती! एक वाकलेला, एक ताठ, एक गुडघे जुळवून मुलगी बघायला आल्यासारखा अवघडलेला, एक उगीचच बॅट फिरवणारा. बटण दाबलं की पुढचा. दुसरा कुणी असता तर एक निवडून मोकळा झाला असता. हे पडले शिंपी. यांनी त्या खेळाडूला ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक समजून चारी बाजूंनी फिरवून बघायला सुरुवात केली. याच्या विजारीला मागे झोळ येतोय. याचा डावा खांदा पडलाय. हा असा वाकला तर काखेत उसवणार. सकाळी जे बसतात ते मी जेवायला हाक मारीपर्यंत, आणि आजतागायत एक चेंडू खेळलेले नाहीत.

बरं, एकट्यानं बघून समाधान नाही. पडद्यावर अंदाज येत नाही म्हणून मला खोलीच्या मधोमध छत्री देऊन उभं केलं. मी आपली छत्री खांद्यावर उगारून, गुडघे वाकवून, मागचा भाग मागे काढून (क्षमा असावी, पण पवित्राच तसा होता) उभी, समोर खुर्चीत आजारी नवरा, आणि दार सताड उघडं. नेमक्या तेव्हाच समोरच्या नर्सबाई साखर मागायला आल्या. त्यांनी पाहिलं आणि साखर न मागताच परत गेल्या. त्या दिवसापासून जिन्यात बायका माझ्याशी जपून बोलतात आणि यांच्यासाठी दोन घरांतून सूप येतं. नर्सबाईंनी तर माझी पाठ वळलेली बघून यांना हळूच विचारलं, घरात काही त्रास आहे का? यांनी काय सांगावं? "आता सवय झालीय," म्हणे. गुडघा बदलला, खोड तेवढी जुनीच राहिली.

परवा मात्र निराळंच घडलं. मला काही केल्या एक पवित्रा जमेना. कोपर वर घे, टाच उचल, अगं तशी नव्हे, अशी. अशी म्हणजे कशी, ते मला कळेना. शेवटी वैतागून हे उठले, माझ्या हातातली छत्री ओढून घेतली आणि दोन्ही पाय रोवून, गुडघे वाकवून उभे राहिले. नव्या गुडघ्यावर भार टाकून, वन्सं. यांच्या लक्षातही आलं नाही. मी आपली कोपर कुठे ठेवायचं ते पुन्हा विचारलं. सगळं दाखवून झाल्यावर यांना आपला पाय आठवला, तेव्हा मटकन खाली बसले. त्या दिवसापासून मला एकही पवित्रा जमत नाही. (येत असलेली गोष्ट नीट चुकवायला फार कष्ट पडतात.)

काल तुमच्या चिरंजिवांचा फोन आला. ते म्हणाले, मामा, कुठलाही घ्या, पवित्रा नुसता दिसण्यापुरता असतो, खेळात त्यानं काडीचा फरक पडत नाही. झालं. हे जेवताना सुद्धा धुमसत होते. माणूस उभा कसा राहतो यानं फरक पडत नाही म्हणतो, काय शिकवलंय या पोरांना? मी म्हटलं, मग तुम्ही एक ठरवा आणि खेळा की. त्यावर म्हणाले, "ठरवला की पळावं लागेल गं." मी न मागता यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

असो. टीव्ही त्या यंत्रानं अडवला आहे, छत्रीची एक काडी मोडली आहे आणि शेजारात माझी अब्रू गेली आहे. तेव्हा ते घेऊन जाच. मोठ्यांना माझा नमस्कार, लहानांना ज्याच्या त्याच्या वागणुकीप्रमाणे आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. तुमचा गोल डबा माझ्याकडेच आहे. झाकण सापडत नाही.

पुन्हा ता. क. झाकण सापडलं. डब्यावरच होतं.

आणखी ता. क. मी हे ता. क. का वाढवते आहे ते आता खरं सांगते. मघाशी सही केली, तेव्हा हे आतून बूट घालून आले. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र मीच टाकतो, तू फार तर मागून ये, म्हणाले. दाराशी उभे आहेत, छत्री टेकून, आणि झालं का म्हणून विचारताहेत. मी लिहिते आहे तोवर ते उभे आहेत. म्हणून झाकण.

यंत्राबद्दल वर लिहिलं ते सगळं विसरा. ते नेऊ नका. चिरंजिवांना सांगा, मामाला फोन करून कळव की माझं चुकलं, पवित्र्यानं फार फरक पडतो. आणि या पत्राचं उत्तर तुम्ही फोनवर देऊ नका, पत्रानंच द्या, म्हणजे मला उलट लिहावं लागेल आणि यांना पुन्हा पेटीपर्यंत जावं लागेल. लिहिण्यासारखं काही नसेल तर कोरा कागद घाला, मी त्याचंही सविस्तर उत्तर देईन.

यांनी छत्री भिंतीला लावून ठेवली आहे आणि पाकिटासाठी दोन्ही हात पुढे केले आहेत. आता थांबते.