मारिया हाकोबेचा खराटा

इलोइलो, १५ मार्च २०२१

चि. इन्दाय लेओनिला हिला मानांगचे, थोरल्या बहिणीचे, पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

हाताने लिहून त्याचा फोटो फोनवर पाठवते आहे. टंकलेलं पत्र म्हणजे दुसऱ्याच्या रुमालाने नाक पुसणं, असं सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या.

मी संतापले आहे. वस्तीचा कप्तान क्रिसांतो! मी जन्मनोंदणीत होते तेव्हा त्याचं नाव मीच वहीत चढवलं, आणि आता तोच भोंग्यावरून बजावतो की पासष्टच्या वरच्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी त्याला सुनावलं, की टोटो, बाळा, तुला लंगोटात पाहिलंय मी. तर म्हणतो कसा, म्हणूनच जपतोय मानांग, तुम्हाला काही झालं तर आई मला घरात घेणार नाही.

नियम मी पाळतेच. बाकी गावाचं तुला ठाऊक आहे: मान सगळे डोलावतात आणि मास्क हनुवटीला बांधतात.

पण गुड फ्रायडेचं काय? गेल्या वर्षी मिरवणूकच निघाली नाही, यंदा निघणार, पण पायी नाही. संतांच्या मूर्ती छोट्या ट्रकांवरून फिरणार, सोबत चालक आणि एकच माणूस, तोही पासष्टच्या आतला. आपल्या घरच्या संत वेरोनिकेच्या मूर्तीसोबत कोण जाणार? तू कॉलऱ्याने आडवी झालीस, तुला वेशीबाहेरच्या शाळेत वेगळं ठेवलं आणि आईला आत सोडेनात, तेव्हा ती वेरोनिकेला बोलली होती: पोर वाचली तर दर गुड फ्रायडेला घरातली बाई तुझ्यासोबत येईल. तू वाचलीस, चांगली तोंडाळ होण्याइतकी वाचलीस. आता घरातल्या बायका दोनच, एक कोंडलेली आणि एक स्वीडनमध्ये. नवस चुकला तर तुझंच काही बरंवाईट होईल, या धास्तीने घास उतरत नाही. हसू नकोस.

प्रकृतीला जप. माझ्यावर रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी, मानांग पुरिंग

गोटेबोर्ग, २० मार्च

ती. मानांग पुरिंग हिला इन्दायचा सा. न. वि. वि.

हसले. मग आईची आठवण आली आणि थांबले.

इथे भोंगा नाही, कप्तान नाही. सरकार फक्त सल्ला देतं, की लांब राहिलात तर बरं. आणि हे लोक असे, की सल्ला ऐकताच दारं लावून बसले! मुळात लांबच राहणारी माणसं. त्यांना निमित्तच मिळालं. समोरची बिर्गिट्टा अजून बाल्कनीतून हात हलवते, आणि माझ्या आधी कचरा टाकायला निघाली तर मी जिना रिकामा होईतो थांबते. मी कुठेही जाऊ शकते, मानांग. जात कुठेच नाही. वर्षभरात मला हात लावला तो फक्त लस टोचणाऱ्या नर्सने, तोही मोजा घालून.

तुझ्या अडचणीवर उपाय सुचतो. वयाची अट माणसांना आहे, संतांना कुठे आहे? नोटरीबाईंच्या घरची मारिया हाकोबे, ख्रिस्ताची कबर झाडायला खराटा घेऊन निघालेली संत, वाळवीने खाल्ली, असं तूच कळवलं होतंस. म्हणजे जागा रिकामी. बुरखा घे, हातात हाकोबेचा खराटा धर आणि मूर्ती होऊन उभी राहा. फक्त बोलू नकोस. ते तुला जमायचं नाही म्हणा!

लोभ आहेच, तेवढा एकच लांबून मिळतो.
तुझी, इन्दाय

इलोइलो, ३ एप्रिल

चि. इन्दायला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू थट्टा केलीस, मी खरं केलं. ट्रकवाला नेस्टर कबूल होईना. म्हणाला, हे पाप आहे. मी म्हटलं, पाप माझं, तू गिअर सांभाळ.

बुरखा, झगा, खराटा, सगळं जमलं. पण मास्कशिवाय बाहेर पडणं माझ्याच्याने होईना. मी मास्क घातला, आणि एकटी वेगळी दिसू नये म्हणून वेरोनिकेलाही घातला. लोकांना वाटलं, चर्चचाच आदेश आहे. पुढच्या कोपऱ्यावर सेंट पीटरलाही कोणी मास्क बांधला, आणि त्याच्या पायाशी असलेल्या कोंबड्यालासुद्धा.

लोक माझ्यापुढे हात जोडत होते. औषधवाल्याची बायको नवऱ्याचं घोरणं थांबव म्हणाली. जीभ वळवळली, ती दातांखाली धरली.

नाक्यावर क्रिसांतो उभा. वाटलं, संपलं. तो ट्रकजवळ आला, टोपी काढली आणि गुडघे टेकले. त्याची आई परवापासून विलगीकरणात आहे, आणि त्याच्याच हुकुमाने त्याला आत जाता येत नाही. म्हणाला, आई हाकोबे, तिच्या छातीतलं सगळं झाडून काढ गं. मला आपली आई आठवली, शाळेच्या कुंपणाशी उभी असलेली. खराटा आपोआप खाली गेला आणि त्याच्या डोक्यावरून फिरला.

त्याने वर पाहिलं. गर्दीला कळू न देता पुटपुटला, की मूर्तींना घाम येत नाही, मानांग. सावलीच्या रस्त्याने न्यायला सांगतो. मग शिट्टी फुंकून आमची वाट मोकळी केली.

आज त्याच्या आईला खुर्चीत बसून लापशी खाता आली, असा निरोप आला. नवस पुरा झाला. आता तुझी पाळी. तुला कोणी अडवलेलं नाही, तर दार उघड. ही माझी आज्ञा समज, सल्ला नव्हे.

आईइतका नाही, तरी माझाही थोडा लोभ पदरात घे.
तुझी, मानांग

गोटेबोर्ग, ६ एप्रिल

ती. मानांगला सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे खराटा घेऊन अंगणात उतरले. तूच एका नाताळात पाठवलेला, लांब काठीचा, नारळाच्या हिरांचा. बिर्गिट्टाने बाल्कनीतून विचारलं, काय झाडतेस, अंगण तर स्वच्छ आहे. मी तुझी सगळी गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की खोकला आला, आणि खोकल्याबद्दल तिने माझी माफी मागितली.

मग आपला झाडू घेऊन खाली आली. जवळ येईना, सल्ला आहे ना! मी खराटा पुढे केला. तिने झाडू पुढे केला. दोघींच्या काठ्या टोकाला टेकल्या, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या तशाच उभ्या राहिलो. मध्ये सरकारी अंतर पुरेपूर होतं, मानांग. पण तिने काठी हलकेच दाबली, ते मला इकडे हातात कळलं.

उद्या अंगणात दोन टोकांना दोन खुर्च्या मांडतोय. पान्सित शेवया मी करणार, कॉफी तिची.

लोभ खराट्याच्या टोकावर धरला आहे. तूही धर.
तुझी, इन्दाय