गॅलरीतला लाल टॉवेल

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग. पालथा पडूनच लिहितो आहे, कारण पाठीकडची सगळी बाजू उन्हाने भाजून निघाली आहे. ‘सगळी’ हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे, खुलासा पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? शेजारच्या काकूंशी धरलेला अबोला सुटला का? सुटला नसेल तर घाई करू नकोस, अबोल्यात तुझी तब्येत सुधारते असं बाबांचं निरीक्षण आहे. इकडे सर्व ठीक. म्हणजे घर जागेवर आहे, छप्पर घरावर आहे आणि पलंगाचे चारही पाय पलंगालाच आहेत.

गेल्या उन्हाळ्याचा विषय निघाला की तू फोनवर गप्प होतेस, हे मी ओळखून आहे. पण तो पलंग नाचता नाचता मोडला, यावर मी आजही ठाम आहे. (कोण नाचत होतं, किती जण होते आणि गाणं का लागलेलं नव्हतं, हे प्रश्न गौण आहेत.) तरीही तू यंदा पुन्हा त्याच टोळक्याला घराची किल्ली पाठवलीस, याला मोठं काळीज लागतं. ओळख विसरली असशील तर पुन्हा करून देतो. पैलवान, म्हणजे फुंकर मारली तर पडेल असा आमचा मित्र. नर्स, जिच्याशी त्याने नुकतंच लग्न केलं आणि जी त्याला एका हाताने उचलून बाजूला ठेवते. आचारी, जो वर्षभर हॉटेलात राबतो आणि म्हणून सुट्टीत स्वतःचा चहासुद्धा ढवळत नाही. मग मी. आणि वकीलबाई.

वकीलबाईंपाशी जरा थांबतो, कारण खरं कारण तिथेच आहे. परीक्षेनंतर विश्रांती हवी म्हणून घर मागितलं, असं मी तुला कळवलं होतं. ती थाप होती. मला कसली विश्रांती, मी दमलो कधी होतो! वकीलबाईंना दूरच्या शहरात नोकरी लागली आहे आणि सुट्टी संपली की त्या तिकडे रवाना होणार. त्याआधी, लग्न करशील का, एवढं विचारून घ्यायचं होतं. कॉलेजात एवढी वर्षं एका बाकावर बसून जे जमलं नाही ते तळ्याकाठी जमेल, असा माझा हिशोब. आत्या, मला ती फार आवडते. भांडताना आवडते, पत्त्यांत लबाडी करते तेव्हा आवडते, तुझ्या कपाटातल्या जुन्या साड्यांना ऊन दाखवून पुन्हा घडीवर घडी घालून ठेवते तेव्हा तर बोलायलाच नको. (हो, तिने कपाट उघडलं. कसर लागत होती. रागावू नकोस.)

आता घराबद्दल. तुला माहीतच आहे की तुझ्या घरात दार असलेली खोली एकच, तुझी आणि आतोबांची. बाकी सगळा उघडा कारभार. त्या दाराला यंदा दमट हवेची बाधा झाली. ते फुगलं आणि कडी लागेना. घरात नवविवाहित जोडपं, खोली एक, कडी नाही, आणि आचाऱ्याला तर दार वाजवायची सवयच नाही, कारण हॉटेलातलं दार तो दोन्ही हातांत पातेली धरून लाथेने उघडतो. पहिल्याच दिवशी त्याने असंच ते उघडलं आणि त्यानंतर जेवणाच्या ताटावर नर्स आणि तो एकमेकांकडे न बघता मीठ मागू लागले. मग सभा भरली. ठराव असा झाला की खोली वापरात असेल तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर तुझा तो मोठा लाल टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की तळ्यावर असलेल्यांनी वर यायचं नाही. सूचना माझीच. टाळ्याही मिळाल्या.

चूक कुठे झाली ते सांगतो. घराच्या मागे, उंचावर, धरणाच्या दरवाजावरच्या माणसाची खोपटी आहे. पाणी सोडायचं असलं की तो लाल निशाण वर चढवतो, आणि ते दिसलं की पलीकडच्या काठावरचा जीवरक्षक शिट्टी फुंकून सगळ्यांना तळ्याबाहेर काढतो. आता त्या काठावरून बघितलं तर खोपटी आणि तुझी गॅलरी बरोबर एका रेषेत येतात. त्यातून जीवरक्षक साठीचे, चष्मा लावायला लाजणारे आणि आजवर एकही माणूस बुडू दिला नाही याचा अतोनात अभिमान असलेले. त्यांना लाल दिसलं की बस्स! पोरंटोरं, म्हाताऱ्या, पोटावर साबण चोळत उभे असलेले गृहस्थ, सगळे फेसासकट काठावर. आणि आमच्या पैलवानाचा उत्साह असा की एका रविवारी सकाळी, जेवणानंतर आणि चहाच्या आधी अशी तळ्याची शिस्तीत झाडझूड झाली. गावात चर्चा सुरू झाली की धरणाचं काही खरं नाही, भिंतीला चीर गेली असावी. किराणावाल्याने ही बातमी फोन करून बाबांनाही पोचवली आणि मला काळजीने विचारलं, तुम्ही तर तिथेच राहता, रात्री आवाज येतो का? मी म्हटलं, येतो, पण आम्ही आता सवय करून घेतली आहे.

परवा दुपारची गोष्ट. मी मनाशी ठरवलं की आज विचारायचंच, आणि तालीम करायला तळ्याच्या मधोमध बांधलेल्या तराफ्यावर पोहत गेलो. चड्डी ओली होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती काढून वाळत घातली आणि पालथा पडून वाक्यं जुळवू लागलो. (पहिलं वाक्य ‘आपण दोघं सुज्ञ आहोत’ असं होतं. याच वाक्यावर मला झोप लागली.) जाग आली ती शिट्टीने. तोवर काठ माणसांनी भरून गेला होता, वाऱ्याने माझी चड्डी परलोकी नेली होती, आणि पाण्याबाहेर काढलेली समस्त जनता रांगेत उभी राहून तळ्यात उरलेल्या एकमेव माणसाकडे बघत होती. मी गळ्यापर्यंत पाण्यात शिरलो आणि तराफ्याला मिठी मारली. जीवरक्षक ओरडले, बाहेर ये, पाणी सुटलंय! मी म्हटलं, येत नाही. त्यांनी अनुभवी चेहऱ्याने लोकांना सांगितलं की बुडणारा माणूस असाच भ्रमिष्टासारखा बोलतो, आणि ते होडी सोडू लागले.

इतक्यात दरवाजावाला सायकल दामटत काठावर आला आणि त्याने सर्वांसमक्ष तोंड सोडलं. आठवडाभर मी थेंब सोडला नाही आणि माझ्या नावाने बोंब का मारता, असा त्याचा सूर. मग लाल काय दिसतंय? सगळ्यांनी बोटं केली. बोटांच्या रेषेत तुझी गॅलरी. आणि त्याच क्षणी पैलवान, अंगाला पलंगपोस गुंडाळून, चेहऱ्यावर कृतार्थ भाव घेऊन, टॉवेल काढायला बाहेर आला. आत्या, सगळ्या काठाने आधी टॉवेलकडे बघितलं, मग पलंगपोसाकडे. मग पोटावर साबण असलेल्या गृहस्थांनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळा काठ टाळ्या वाजवू लागला. पैलवानाने काही न कळून वाकून नमस्कारही केला. लोकांचं लक्ष तिकडे होतं तोवर मी निसटलोही असतो. पण त्या मित्राने वरून, नितळ पाण्यातून मला पाहिलं आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं विचारलं, ‘अरे, तू नागडा काय करतोयस तिथे?’

मग वकीलबाई आल्या. गर्दीतून वाट काढत, काखेत चटई घेऊन. मी त्याची वकील आहे, असं जीवरक्षकांना सांगून होडीत बसल्या. मला चटईत गुंडाळून वर घेतलं, आणि वर घेताना डोळे मिटले होते असा त्यांचा दावा आहे. मी थंडीने कुडकुडत होतो, तालमीतलं एकही वाक्य आठवेना, म्हणून नुसतंच विचारून टाकलं. लग्न करशील का माझ्याशी? जीवरक्षकांनी वल्ही थांबवली. ती इतकी हसली की होडी डुचमळली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, ‘चटईतल्या माणसाला मी उत्तर देत नसते. तुझ्या घरच्या कुणीतरी मोठ्या माणसाने इथे येऊन, माझ्यासमोर बसून विचारावं. बाबा नकोत, ते धरणाचंच बोलत बसतील. तुझी आत्या.’

मी तिला सांगितलं, आत्या इथे येत नाही. आतोबा गेल्यापासून ती किल्ली पोस्टाने पाठवते आणि पोस्टानेच परत घेते. त्यावर ती म्हणाली, मग बघ बाबा. आणि जीवरक्षकांना वल्ही मारायला सांगितलं. सुट्टी या आठवड्यात संपते. उत्तर तसंच लोंबकळत आहे.

गुडघ्याला जप. बाबांना यातलं काहीही कळवू नकोस.

तुझा
भाजलेला भाचा

ता. क. : बाबांना किराणावाल्याकडून कळलेलंच असेल तर पैलवानाचा भाग सांग, माझा गाळ.

ता. क. दुसरा : तुझ्यावर जबरदस्ती मुळीच नाही. तुला त्या खोलीत पाऊल टाकणं किती जड जाईल ते मला कळतं. शनिवारची सकाळची बस सोयीची आहे, खिडकीकडची जागा धरून ठेवायला कंडक्टरला सांगितलं आहे, आणि आचारी तुझ्यासाठी स्वतः चहा करणार आहे, एवढं फक्त माहिती म्हणून.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे, मी वकील) : आत्या, तो पाकीट आणायला वाकडा वाकडा चालत गेला आहे, तेवढ्यात लिहिते; घडी घालून पाकीटही मीच चिकटवणार आहे. दोन उन्हाळे तुमच्या साड्यांना ऊन दाखवलं, तुमच्या कपातून चहा प्यायले, आणि तुम्हाला एकदाही पाहिलं नाही. माझं उत्तर ‘हो’ आहे. ते मी त्याला सांगणार नाही. ते तुम्ही येऊन सांगायचं.