रिकामा फोटो

८ सप्टेंबर

आलो एकदाच्या! राजाजीनगरात घर मिळालं. वर आम्ही मायलेकी, खाली घरमालकीण लक्ष्मीदेवी. तीन पिढ्या इथे काढूनही घरात मराठीच, निम्मं कानडी मिसळलेलं. अक्का म्हण, असं त्यांनीच बजावलं. मग विचारलं, पोरगी बोलत नाही का? सांगितलं, जुई सात वर्षांची आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, आणि बोलत नाही म्हणाल तर जरा थांबा. तेवढ्यात जिन्यावरून बाईसाहेबांनी हाक ठोकली, ‘आऽऽ’. मला ती अशीच हाक मारते. अक्का दचकल्या आणि हसतच सुटल्या. म्हणाल्या, स्वल्प हळू गं, माझ्या कुंड्या फुटतील.

११ सप्टेंबर

नोकरी म्हणजे मजा आहे. परातीएवढा अंतर्गोल आरसा, समोर बारीक दिवा, किरण जिथे एकवटतात तिथे चक्क दाढीचं ब्लेड आणि त्यामागे कॅमेरा. आरशासमोर मेणबत्ती धरली की तापलेली हवा धुरासारखी वर चढताना दिसते. टाळी वाजवली की पडद्यावर काळं कडं उठतं आणि पसरत जातं. आमच्या प्रदीपकुमार सरांनी यात सुधारणा करून माणसाचा आवाजही दिसेल असं केलंय. सरही इथले जुने मराठी.

त्यांचा एकच कडक नियम. रोज सकाळी यंत्र सुरू करताना आरशासमोर कुणी नको. बटण दाबलं की यंत्र आधी रिकाम्या जागेचा फोटो घेतं आणि दिवसभर प्रत्येक चित्रातून तो वजा करतं. धूळ, डाग, जे कायमचंच आहे ते सगळं गायब.

जुईला तिचा आवाज दाखवायचा. खरं तर त्याचसाठी ही नोकरी धरली.

३० सप्टेंबर

उद्या खंडेनवमीची सुट्टी, म्हणून आयुधपूजा आजच. सगळ्यांची पोरंबाळं आली होती. यंत्राला झेंडूची माळ, कुंकवाची बोटं. आज त्याला विश्रांती, हात लावायचा नाही. पण जुई आरशासमोरच्या स्टुलावर चढून बसली आणि खुणांनी हट्ट धरला, माझा आवाज, माझा आवाज. मंडळी कोहळा फोडायला रस्त्यावर गेली तेव्हा मी म्हटलं, दोन मिनिटं चालवलं तर कोणता देव कोपणार आहे? बटण दाबलं.

जुई ‘आऽऽ’ करून ओरडली. पडद्यावर काहीच नाही. लाटा नाहीत, जुईही नाही. नुसता कोरा पडदा.

मग लक्षात आलं. ती समोर बसलेली असतानाच मी बटण दाबलं होतं. यंत्रानं तिलाच रिकामी जागा धरलं. घाईत यंत्र बंद केलं. जुई रडवेली झाली. तिला म्हटलं, पुन्हा येऊ.

४ ऑक्टोबर

आज तिचं बोट दारात चेमटलं. मी दोन हातांच्या अंतरावर कणीक मळत होते, मला कळलंही नाही. वळले तर ती समोर, लालबुंद, तोंड उघडं, गालांवर पाणी, आणि आवाजच नाही. डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, घसा ठणठणीत आहे, ओरडतेय व्यवस्थित. पण तुम्हाला येतंय का ऐकू, असं मी विचारल्यावर चिठ्ठी लिहायला लागले.

मला ती हाक पाहिजे. बाकी काही नको.

७ ऑक्टोबर

शाळेची रिक्षा तिच्यासमोरून निघून गेली. मी धावत गाठली, तर ड्रायव्हर म्हणाला, मुलगी कुठाय? ती माझा हात धरून उभी होती.

अक्कांनी रात्री एकच डोसा पाठवला. जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच विचारलं, एकटीच हवेत हातवारे कसले करतेस?

सरांच्या रोजच्या फोटोनं काही फरक पडला नाही; जुईला पुसणारा माझा तो फोटो मीच बदलायला हवा.

९ ऑक्टोबर

माझ्याच हातानं झालं.

सरांच्या आधी पोचले. जुईला बाहेर खुर्चीवर बसवलं, खुणेनं सांगितलं, हलू नकोस. आत येऊन बटण दाबलं. पाऊल वाजलं नाही, श्वास ऐकू आला नाही. कसा येईल? वळून पाहिलं तर ती आरशासमोर. माझ्यामागोमाग आली होती.

माझ्याकडे बघून हसली आणि —

खुर्चीवर नाही. घरी नाही. कुठेच नाही.

पोलीस म्हणाले, फोटो दाखवा. मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोत मी एकटीच.

१२ ऑक्टोबर

सापडली. वजाबाकी बंद करून कच्चं चित्र लावलं. डाग, धूळ, आणि स्टुलाच्या उंचीवर तीच काळी कडी, एकामागून एक. थांबतात. श्वास घेतेय. पुन्हा सुरू. आऽऽ. आऽऽ.

मला हाक मारतेय ती. मी येत नाही असं वाटत असेल तिला.

सर म्हणाले, एसीचा झोत आहे. एसी बंद केला. कडी तशीच. ते म्हणाले, रजा घे, विश्रांतीची गरज आहे तुला.

तिथे हात धरला. पडद्यावर कडी थांबली. हाताला काही लागत नाही.

१३ ऑक्टोबर

स्टुलावर डबा ठेवला होता. तसाच. चार दिवस झाले — पोटात काही नाही तिच्या.

कडी फिकट झाली. का, ते आज कळलं. सर रोज सकाळी बटण दाबतात. ती तिथेच असते. रोज थोडी थोडी —

पाया पडले त्यांच्या, दाबू नका म्हणून. सरी सरी, बरं बरं, म्हणाले. पाठीवर हात ठेवला. आणि दाबलं.

१४ ऑक्टोबर

पहाटे आले. स्टुलावर बसले. डबा मांडीवर, पाणी. काठीनं बटण दाबलं, म्हणजे मीही वजा होईन. एकदा. पुन्हा एकदा.

दिसली! माझी जुई. केवढीशी झालीय. आरपार दिसतंय तिच्यातून. माझ्या मानेला मिठी मारलीय, डोळे मिटून. हाकही ऐकू येतेय, अगदी बारीक. एक घास खाल्ला. अजून एक —

जाऊ या. घरी जाऊ. पण दार उघडत नाही. माझा हात दाराच्या कडीला लागतच नाही.

परत आरशासमोर आलो; इथून हात पोचेल अशा टेबलावर वही आहे, फोटोत न आलेली. पेनही. ते अजून धरता येतं, जेमतेम. एका हातानं लिहितेय —

सर आले. मी ओरडतेय. ते शीळ घालतायत.

सर, इकडे बघा. वहीकडे. बटण दाबू नका. आम्ही दोघी इथे आहोत, आरशासमोर, स्टुलाच्या उजव्या —